पी मध्ये सेल्फ लागत नाही, एन मध्ये लागतो: ऑटोमॅटिक गाडीतला दोष क्रमाने कसा शोधायचा

आमच्या सोसायटीतल्या एका गाडीचं उदाहरण आधी सांगतो. लिव्हर पी (पार्क) वर असताना किल्ली फिरवली की दिवे लागायचे, पण सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) गप्प. आधी बॅटरी नवी टाकली. आठवडाभर बरं चाललं, मग पुन्हा तेच. मग सेल्फ उतरवून दुरुस्त केला. पुन्हा तेच. शेवटी गिअर केबलच्या टोकाचं प्लॅस्टिकचं बुश तुटलेलं निघालं. ते बुश म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा. त्या गाडीची बॅटरी आणि सेल्फ दोन्ही पहिल्यापासून ठीक होते. एन (न्यूट्रल) मध्ये गाडी पहिल्याच झटक्यात सुरू होत होती, पण हे मालकाने कोणाला सांगितलंच नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं.

म्हणून या लेखात क्रमाला महत्त्व आहे. पायऱ्या दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. टर्मिनल घट्ट करणं सोडलं तर पहिल्या चार पायऱ्यांना पाना लागत नाही, आणि बहुतेकांना दोष कुठल्या भागात आहे ते तिथेच कळतं.

## आधी दोन गोष्टी पक्क्या करा

तुमच्या गाडीत पी आहे का? वॅगन-आर किंवा सेलेरिओसारख्या एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच आपोआप गिअर बदलतो अशा) गाड्यांत पी नसतोच. तिथे एन मध्ये ठेवून, ब्रेक दाबूनच गाडी सुरू करायची असते. गिअरमध्ये उभी केलेली एएमटी सुरू होत नसेल तर तो दोष नाही. हा लेख पी-आर-एन-डी (पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह) अशी अक्षरं असलेल्या गाड्यांसाठी आहे, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी आणि बऱ्याचशा डीसीटी या प्रकारांच्या ऑटोमॅटिक. लिव्हरऐवजी बटण किंवा गोल नॉब फिरवून गिअर बदलणाऱ्या गाड्यांत केबल नसते. अशा गाडीला पहिल्या चार पायऱ्यांतलं जेवढं लागू पडेल तेवढं करा आणि पुढे थेट स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) लावा.

‘स्टार्ट होत नाही’ म्हणजे नेमकं काय? लोक या तीन शब्दांत तीन वेगळे आजार कोंबतात.

- सेल्फ फिरतो, इंजिन गरगरतं, पण पेट घेत नाही. याचा पी शी संबंध नाही. इंधन, स्पार्क किंवा क्रँक सेन्सर बघा. हा लेख तुमच्या कामाचा नाही.
- सेल्फ रडतरडत फिरतो, किंवा टकटकटक असा आवाज येतो. आधी बॅटरी, टर्मिनल आणि अर्थिंग बघा.
- सेल्फचा आवाजच येत नाही, किंवा कधी येतो कधी नाही, आणि बाकी दिवे झगझगीत आहेत. आपला विषय हाच.

## स्विच काय करतो, दोन परिच्छेदांत

गाडी चालू करताना ती गिअरमध्ये असू नये, म्हणून गिअरबॉक्सवर एक स्विच असतो. वर्कशॉपमध्ये कोणी त्याला न्यूट्रल स्विच म्हणतं, कोणी इनहिबिटर स्विच, तर स्कॅनरवर तो रेंज सेन्सर म्हणून दिसतो. जुन्या रचनेत सेल्फच्या रिलेचा (सेल्फला करंट जोडणाऱ्या विजेच्या खटक्याचा) करंट या स्विचमधूनच जातो. नव्या गाड्यांत स्विच फक्त कॉम्प्युटरला कळवतो की लिव्हर पी वर आहे, आणि कॉम्प्युटर रिले ओढतो. दोन्हीकडे स्विचचं ‘हो’ आल्याशिवाय सेल्फला करंट मिळत नाही.

पी आणि एन या दोन जागांसाठी स्विचच्या आत वेगवेगळ्या जागी संपर्क जुळतो. पी वाटेच्या अगदी टोकाला आहे. केबल थोडी ताणली, बुश झिजलं किंवा स्विच एखादा मिलिमीटर सरकला, तर पहिला फटका टोकाच्या पी ला बसतो. एन मधोमध असल्याने बऱ्याचदा तगून राहतो. शिवाय गाडी रोज पी मध्येच सुरू होते, त्यामुळे तिथला संपर्क झिजतोही लवकर.

## तयारी

सपाट जागा निवडा. उतारावर ही तपासणी करू नका, कारण गिअरबॉक्सवर गाडीचं वजन असताना पी चं वागणं बदलतं. हँडब्रेक पूर्ण ओढा. मागच्या चाकांच्या पुढे-मागे दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. गाडीसमोर आणि मागे कोणी उभं राहू नये, लहान मुलं तर नाहीच.

साहित्य फार नाही. मल्टिमीटर, टॉर्च, १० मिमीचा पाना, कागद-पेन आणि मदतीला एक माणूस. ब्लूटूथवर चालणारा साधा ओबीडी स्कॅनर मिळाला तर उत्तम.

> सावधान: सेल्फ एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. दोन प्रयत्नांमध्ये किमान अर्धा मिनिट थांबा. तपासणीच्या नादात चांगला सेल्फ जाळून बसणारे कमी नाहीत.

## पायरी १: बॅटरी वगळा

गाडी रात्रभर उभी असताना सकाळी मीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली. १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, मगच पुढे जा. सेल्फ फिरत असताना आकडा ९.६ च्या खाली घसरता कामा नये. इंजिन चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं. काही नव्या गाड्या अल्टरनेटर गरजेनुसार कमी-जास्त चालवतात, त्यामुळे तिथे हा आकडा हलताना दिसला तर घाबरू नका.

टर्मिनल हाताने हलवून बघा. हललं तर घट्ट करा. पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर साफ करा. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीची बॅटरी कधीच पुरती भरत नाही. अर्धवट बॅटरीवर पुढची एकही चाचणी खरं उत्तर देणार नाही.

## पायरी २: पी-एन ची वही

सगळ्यात जास्त चुकते ती हीच पायरी. लोक पी मध्ये एकदा प्रयत्न करतात, एन मध्ये एकदा करतात, गाडी सुरू होते आणि ‘स्विच गेला’ असा निकाल लागतो. पण लिव्हर हलवून पुन्हा किल्ली फिरवेपर्यंत चार-पाच सेकंद जातात. अडकलेला रिले किंवा सैल टर्मिनल दुसऱ्या प्रयत्नात आपोआपही चालू शकतं. तेव्हा एन ने काही केलेलं नसतं, फक्त दुसरा प्रयत्न फळलेला असतो.

म्हणून कागदावर दोन रकाने आखा. पाय ब्रेकवर घट्ट ठेवून पी, एन, पी, एन असं आळीपाळीने प्रत्येकी पाच-सहा वेळा करा. दरवेळी इंजिन सुरू झालं की बंद करा आणि थोडं थांबा. दुसऱ्या दिवशी सकाळी एन पासून सुरुवात करा. गरम इंजिनावर, म्हणजे अर्धा तास चालवून आल्यावर, पुन्हा एकदा करा.

कागद काय सांगतो ते असं वाचा:

- पी मध्ये बहुतेक वेळा नाही, एन मध्ये दरवेळी हो: केबल, स्विच किंवा त्यांची वायरिंग. पुढे चला.
- दोन्हीकडे कधी हो, कधी नाही: रिले, सेल्फ, टर्मिनल, अर्थिंग, किल्लीचा स्विच. पायरी ६ बघा.
- दोन्हीकडे नाही, आणि डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकतंय: इमोबिलायझर, म्हणजे ओळखीची किल्ली नसेल तर गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा. दुसरी किल्ली वापरून बघा. स्टार्ट बटणाच्या गाडीत रिमोटचा सेल संपला असेल तर बऱ्याच मॉडेल्समध्ये रिमोट थेट स्टार्ट बटणाला टेकवून गाडी सुरू होते.
- गार असताना दोन्हीकडे ठीक, गरम झाल्यावर दोन्हीकडे बंद: संशय सेल्फवर घ्या, स्विचवर नको.

> तपासा: स्टार्ट बटणाच्या गाडीत ब्रेक दाबल्यावर मागचे ब्रेक लाइट लागतात का? लागत नसतील तर दोष ब्रेक पेडलच्या स्विचमध्ये असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी लिव्हर पी मधून निघतही नाही. मग लिव्हरजवळची लहान झाकणी काढून आतली शिफ्ट-लॉक कळ दाबावी लागते.

## पायरी ३: लिव्हर किंचित हलवा

लिव्हर पी वर ठेवून, लिव्हरचं बटण न दाबता, हाताने आणखी पुढे रेटून धरा आणि सुरू करून बघा. मग उलट करा. पी मध्येच ठेवून लिव्हर आर च्या दिशेला हलका ओढून धरा, पण खाचेतून बाहेर काढू नका. पुन्हा सुरू करा.

एका बाजूला दाब दिल्यावर गाडी दरवेळी सुरू होत असेल तर स्विचचा संपर्क शाबूत आहे, फक्त जुळणी हललेली आहे. ही चांगली बातमी. कुठेही दाब दिला तरी पी मध्ये काहीच होत नसेल, तर संपर्क जळलेला असू शकतो किंवा वायर तुटलेली.

> सावधान: आर किंवा डी वर सेल्फ फिरला तर तपासणी तिथेच थांबवा. अशी गाडी सुरू होताच पुढे किंवा मागे झेपावते. दुरुस्तीपर्यंत ती कोणाच्याही हातात देऊ नका.

## पायरी ४: गाडी खरोखर पी मध्ये जाते का?

लिव्हर पी वर दिसतो, याचा अर्थ गिअरबॉक्स पी मध्ये आहे असा नाही. मध्ये केबल आहे. केबल किंवा स्विच, यातला गुन्हेगार कोण, हे या पायरीत ठरतं.

इंजिन बंद, लिव्हर पी वर. एक जण ड्रायव्हर सीटवर, पाय ब्रेकजवळ. चाकांपासून दगड थोडे लांब सरकवा आणि हँडब्रेक सोडा. दुसऱ्याने गाडी हळूच ढकलावी. थोडी सरकून खट्कन अडली तर गिअरबॉक्समधला, पी मध्ये गाडी अडवणारा दात बसला, म्हणजे गिअरबॉक्स पी मध्ये पोहोचतोय. पुढे-मागे दोन्हीकडे अडायला हवी. अडलीच नाही, किंवा कर्र कर्र आवाज करत सरकत राहिली, तर केबल लिव्हरची हालचाल गिअरबॉक्सपर्यंत पूर्ण पोहोचवत नाहीये.

अडत नसेल तर गाडी न सुरू होणं ही तुमची लहान अडचण आहे. मोठी अशी की ती उभी केलेल्या जागेवरून घरंगळू शकते. दुरुस्तीपर्यंत हँडब्रेक आणि चाकामागे दगड, हे रोजचं. बेसमेंट पार्किंगच्या रॅम्पवर तर ती उभी करूच नका.

सोबत दोन झटपट खुणा बघा. डॅशबोर्डवर ‘पी’ अक्षर स्थिर दिसतं का? लुकलुकतं, गायब होतं किंवा भलतंच अक्षर दाखवतं का? आणि लिव्हर आर वर टाकल्यावर रिव्हर्स लाइट लगेच लागतो का? पुष्कळ गाड्यांत हे दोन्ही त्याच स्विचवर चालतात. लिव्हर पी मध्ये असताना रिव्हर्स लाइट क्षणभर चमकत असेल, तर जुळणी बिघडल्याची खूण समजा.

## पायरी ५: बॉनेट उघडा, डोळ्यांनी बघा

इंजिन गार होऊ द्या. आडव्या इंजिनाच्या बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स बॅटरी ट्रे किंवा एअर फिल्टरच्या खाली असतो. वरून टॉर्च मारली की केबलचं टोक, त्याने हलणारा गिअरबॉक्सचा हात (लहान दांडा) आणि त्या हाताच्या बुडाशी बसलेला स्विच दिसतो. दिसत नसेल आणि खालून जावं लागणार असेल, तर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. जॅक स्टँड नसतील तर हे काम रॅम्प असलेल्या गॅरेजवर सोपवा.

मदतनीसाला लिव्हर पी ते डी आणि परत असा हलवायला सांगा. तुम्ही केबलच्या टोकाकडे बघा. लिव्हर हलला आणि हात उशिरा हलला, तर बुश सैल. टोक हातावरून उडी मारत असेल तर बुश तुटलेलं. केबलचा बाहेरचा पाइप ब्रॅकेटमध्ये सरकत असेल तर क्लिप सुटलेली.

मग स्विचचा कनेक्टर. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढूनच त्याला हात लावा. आत पाणी, हिरवा गंज, वाकलेली पिन किंवा तेल आहे का बघा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी गेली असेल तर हे आधी तपासा. आणि वायर कुरतडलेली नाही ना? उंदरांना इंजिनाची ऊब आवडते, आणि या वायर त्यांच्या वाटेवरच असतात. कनेक्टर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. पेट्रोल, रॉकेल किंवा पॉलिशपेपर नको. पिनवरचा मुलामा एकदा गेला की गंज लवकर येतो.

## पायरी ६: मीटर आणि स्कॅनर

रिले ऐका. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर सेल्फच्या रिलेची जागा छापलेली असते. बोट रिलेवर ठेवा, मदतनीसाला किल्ली फिरवायला सांगा. एन मध्ये टिक होतो आणि पी मध्ये होत नाही, तर स्विचकडून आज्ञाच येत नाहीये. दोन्हीकडे टिक होतो पण सेल्फ फिरत नाही, तर स्विच निर्दोष. रिलेचे संपर्क, सेल्फकडे जाणारी वायर किंवा सेल्फ यांतलं काहीतरी आहे. त्याच नंबरचा दुसरा रिले, बऱ्याचदा हॉर्नचा, अदलाबदल करून बघता येतो. नंबर तंतोतंत जुळला तरच.

सेल्फच्या लहान टर्मिनलवर मीटर. किल्ली स्टार्टवर असताना एन मध्ये तिथे बॅटरीएवढं व्होल्टेज येतं आणि पी मध्ये शून्य, तर दोष स्विचच्या बाजूला. पी मध्येही पूर्ण व्होल्टेज येतं आणि सेल्फ गप्प, तर सेल्फ उतरवा. सेल्फ उतरवण्याचं कारण असलंच तर हे.

स्विचवर मीटर. कनेक्टर काढून, गाडीच्या वायरिंग डायग्रामप्रमाणे दोन पिनांत मीटर बीपवर लावा. पी मध्ये बीप, आर मध्ये नाही, एन मध्ये बीप, डी मध्ये नाही, असं असायला हवं. डायग्राम हाताशी नसेल तर अंदाजाने पिना टोचू नका. बऱ्याच नव्या गाड्यांत हा स्विच इलेक्ट्रॉनिक सेन्सर असतो आणि बीप चाचणीला उत्तर देत नाही. त्यावरून तो खराब ठरवू नका.

स्कॅनर. इग्निशन ऑन, इंजिन बंद, लाइव्ह डेटामध्ये गिअरची जागा बघत लिव्हर हलवा. पी वर असताना स्क्रीनवर आर किंवा रिकामी जागा दिसली की उत्तर मिळालं. कोडमध्ये पी ०७०५ किंवा पी ०७०६ म्हणजे रेंज सेन्सर, पी ०८५० म्हणजे पार्क-न्यूट्रलचा सिग्नल, पी ०६१५ म्हणजे सेल्फच्या रिलेचं सर्किट. (कोडमधला पी गिअरचा नाही, सगळ्या इंजिन-गिअरबॉक्स कोडची सुरुवात त्यानेच होते. यावरून झालेला गोंधळ मी पाहिलाय.) कोड नसला म्हणून दोष नाही असंही नाही. थोडी सरकलेली जुळणी बऱ्याचदा कोड टाकत नाही.

## पायरी ७: दुरुस्ती, आधी केबल मग स्विच

हा क्रम उलटा केला तर दोष बरा होत नाही, झाकला जातो. केबल आखूड पडतेय म्हणून स्विच फिरवून जुळवला, की गाडी पी मध्ये सुरू होईल. पण आतला दात तरीही अर्धवटच बसेल. तुम्हाला वाटेल काम झालं.

केबल. हँडब्रेक, चाकांना पुन्हा दगड, बॅटरीचं निगेटिव्ह काढलेलं. बुश तुटलं असेल तर ते बदला. काही कंपन्या बुश वेगळं देत नाहीत, मग पूर्ण केबल घ्यावी लागते. टोकाचा नट सैल करून केबल मोकळी करा. गिअरबॉक्सचा हात हाताने पी च्या टोकापर्यंत न्या आणि तिथून दोन खटके परत या. पहिला खटका आर, दुसरा एन. आता गाडीच्या आतला लिव्हर एन वर ठेवा. दोन्ही एन वर असताना, गिअरबॉक्सचा हात न हलू देता नट घट्ट करा. पायरी ४ पुन्हा करा.

स्विच. केबल ठीक करूनही पी मध्ये सेल्फ लागत नसेल तरच. सैल करण्याआधी स्विच आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर मार्करने रेघ मारा, म्हणजे चुकलं तर मूळ जागी परतता येईल. लिव्हर एन वर ठेवा, स्विचचे बोल्ट सैल करा. काही स्विचवर खाच आणि रेघ समोरासमोर आणायची असते, काहींवर गिअरबॉक्सच्या हातातलं आणि स्विचमधलं भोक जुळवून त्यातून पिन घालायची असते. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये जे असेल ते. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कएवढेच आवळा, बॉडी ॲल्युमिनियमची असते. जुळवूनही पी चा संपर्क मिळत नसेल तर स्विच बदला. उघडून घासून बसवलेला स्विच पहिल्या पावसात परत त्रास देतो.

गाडी वॉरंटीत असेल तर ही पायरी स्वतः करू नका, कागदावरचे निकाल घेऊन सर्व्हिस सेंटरला जा.

> सावधान: ‘स्विच डायरेक्ट करून देतो’ असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. वायर जोडून टाकली की गाडी कुठल्याही गिअरमध्ये सुरू होते. पार्किंगमध्ये भिंतीवर किंवा माणसावर जाणाऱ्या गाडीला मग अडवणारं काही उरत नाही.

## गॅरेजवाल्याला काय सांगायचं

‘गाडी स्टार्ट होत नाही’ असं सांगितलं की बॅटरीपासून सुरुवात होणार. त्याऐवजी असं सांगा: ‘पी मध्ये सहा वेळा मारली, एकदाच लागली. एन मध्ये सहाही वेळा लागली. बॅटरी १२.६ आहे. ढकलल्यावर गाडी पी मध्ये अडत नाही. आधी केबलचं बुश बघा.’ कागदाचा फोटो पाठवा. सेल्फ बदलायचा सल्ला आला तर एकच प्रश्न विचारा: पी मध्ये सेल्फच्या लहान टर्मिनलवर व्होल्टेज येत होतं का? उत्तर मिळेपर्यंत होकार देऊ नका.

## काम झाल्यावर

- पी मध्ये सलग दहा वेळा सुरू करा, एन मध्ये पाच वेळा.
- पाय ब्रेकवर घट्ट, समोर-मागे मोकळी जागा ठेवून आर आणि डी मध्ये किल्ली फिरवा. सेल्फ फिरता कामा नये.
- रिव्हर्स लाइट फक्त आर मध्ये लागावा.
- डॅशबोर्डवरचं अक्षर आणि लिव्हरची जागा चारही ठिकाणी जुळावी.
- किल्लीच्या गाडीत किल्ली फक्त पी मध्ये बाहेर निघावी.
- ढकलल्यावर गाडी पी मध्ये दोन्ही बाजूंना अडावी.
- स्कॅनरने जुने कोड पुसा आणि दोन दिवसांनी पुन्हा वाचा.

आणि उतारावर उभी करताना: ब्रेक दाबून एन, मग हँडब्रेक, मग ब्रेक सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्या, पुन्हा ब्रेक, मग पी, मग इंजिन बंद. थेट पी टाकून ब्रेक सोडला तर गाडीचं सगळं वजन आतल्या दातावर येतं, सकाळी लिव्हर जोर लावून ओढावा लागतो, आणि तो प्रत्येक हिसका केबलच्या त्याच बुशवर बसतो.

शेवटची चाचणी गाडी धुतल्यावर किंवा जोराचा पाऊस झाल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी. कशालाही हात न लावता, थेट पी मध्ये, पहिली किल्ली.